पार्टी आमच्या शेडमध्ये

"आई, दहा वर्षं झाली. आता सगळ्यांना एक झकास कंपनी पार्टी दे," असं पुण्यातला माझा मुलगा फोनवर म्हणाला आणि मला हसूच आलं. त्याच्या कंपनीत म्हणे डिसेंबर आला की मोठ्या हॉटेलात पार्टी असते. गाणी काय, खेळ काय, बक्षिसं काय. आणि आमची 'कंपनी' म्हणजे इचलकरंजीजवळ दोन हजार चौरस फुटांची पत्र्याची शेड, पुढे थोडं अंगण, मिरचीचे दोन डंख, एक पल्व्हरायझर, भाजायच्या कढया, बावीस बायका, दोन हमाल आणि एक टेम्पोचा ड्रायव्हर. 2014 च्या दसऱ्याला पतसंस्थेचं कर्ज काढून आम्ही मसाल्याचं काम सुरू केलं. पहिल्या दिवशी आम्ही तिघीच होतो.

हसले खरी, पण पोराचं बोलणं डोक्यातून जाईना. दरवर्षी आम्ही खंडेनवमीला यंत्रांची पूजा करून पेढे वाटतो आणि संक्रांतीला शेडमध्ये हळदीकुंकू करतो, ते काही पार्टी नव्हे. एका कार्यालयाचं भाडं विचारलं, तर नुसत्या हॉलचे पस्तीस हजार! जेवण वेगळं. मग ठरवलं, आपल्याच शेडमध्ये करायचं. पैसे हे एक कारण होतंच, पण दुसरंही होतं. आमच्या बायका आठ-आठ तास जिथे काढतात ती जागा त्यांच्या घरच्यांनी कधी पाहिलेलीच नाही. एक जण मला म्हणाली होती, "सासूला वाटतंय मी दिसभर फॅनखाली बसून येते." म्हटलं, घरच्यांनाही बोलवू, प्रत्येकीमागे दोघं.

आता मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या पार्लर, शिवणक्लास, खानावळ, पापडाचा उद्योग असं काही चालवतात त्यांच्या मनात हे कधी ना कधी येतंच. म्हणून माझं काय काय चुकलं ते सांगते.

पहिली चूक दिवस ठरवताना झाली. जानेवारी 2025 मधला रविवार, संध्याकाळी सात, असं मी ठरवून मोकळी झाले. जानेवारी अशासाठी की फेब्रुवारीच्या शेवटापासून आमचा सीझन सुरू होतो. आमच्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात करून ठेवायची पद्धत, त्यामुळे मार्च ते मे डंखाला उसंत नसते. रविवार का, तर सुट्टी. बायकांना सांगितलं. कुणी काही बोललं नाही. बायका गप्प बसल्या म्हणजे त्यांना पसंत आहे, असं मालक लोक धरून चालतात, आणि मीही आता मालकच झालेय!

चार दिवसांनी पॅकिंगमधली एक जण दाराशी घुटमळत आली. "वहिनी, राग येऊ द्यायचा न्हाई, पर सातला आमाला सोडणार कोण? आन् परत जायला यस्टी?" शिवाय रविवार म्हणजे धुणं, दळण, बाजार. आठवड्याचं तुंबलेलं सगळं त्याच दिवशी. मग शनिवार ठरला, सकाळी अकरा ते चार. मुलांची शाळा शनिवारी सकाळची असते, तीही येऊ शकतात. मला वाटलं, झालं. पण ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मग त्या दिवसाचं पॅकिंग?"

मी चमकलेच. आमच्याकडे भाजणीवर आणि डंखावर असणाऱ्यांना रोजावर पैसे, पण पॅकिंगच्या चौदा जणींना नगावर. मशीन बंद म्हणजे पाकीट नाही, पाकीट नाही म्हणजे पैसे नाहीत. म्हणजे पार्टी मी देणार आणि त्यासाठी साडेतीनशे रुपये त्या गमावणार! माझ्या खर्चाच्या यादीत मंडपवाल्यापासून पानसुपारीपर्यंत सगळं होतं, हे मात्र नव्हतं. शेवटी प्रत्येकीची मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढली आणि ती त्या दिवसाची मजुरी म्हणून द्यायची ठरवली. पाच हजारांच्या आत बसलं. तुम्ही कामाच्या दिवशी असं काही करणार असाल तर आधी ही रक्कम लिहा, मग जिलेबीची.

घरात वेगळीच चर्चा चालू होती. यजमानांचं म्हणणं, एवढं करतोच आहोत तर दुकानदारांना बोलवू, बँकेचे साहेब येतील, एखादा पुढारी येईल, शाल-श्रीफळ देऊ, पेपरात फोटो येईल. मी म्हटलं, मग भाषणं होणार, खुर्च्यांवर पाहुणे बसणार आणि आमच्या बायका मागे सतरंजीवर. ते दुकानदारांचं चहापाणी तुम्ही वेगळं करा. दोन दिवस कुरकुर केली, पण ऐकलं.

आणि मग मस्टर.

झालं असं, की भेटवस्तू देताना जुन्या बायकांना थोडं जास्त द्यावं म्हणून कोण कधीपासून आहे ते बघायला मी दहाही वर्षांची मस्टरं काढून बसले. आमच्या भाजणीच्या मावशी पहिल्या तिघींतल्या एक. धने किती भाजले हे त्या वासावर सांगतात, कढईत बघतसुद्धा नाहीत. रजा म्हणून नाही. ताप असला तरी येणार. आणि त्यांच्या नावापुढे दर जानेवारीत एक लाल 'गै'. 2015 ला आहे, 2016 ला आहे, पुढेही आहे. फक्त 2021 चा जानेवारी स्वच्छ. मला कळेना. तारखा लावून बघितल्या तेव्हा हात गार पडले. दरवर्षीचा तो दिवस आमच्या शेडमधल्या हळदीकुंकवाचा होता. 2021 मध्ये कोरोनामुळे आम्ही हळदीकुंकू केलं नव्हतं, म्हणून मावशी त्या वर्षी कामावर होत्या.

मावशींचे मालक त्या आमच्याकडे येण्याआधीच वारलेले. मला हे माहीत होतं. त्या दिवशी त्या नसतात, हेही कुठेतरी माहीत असणारच. मी ते कधी विचारात घेतलं नाही, एवढंच.

मला जास्त लागलं ते वेगळंच. हेरवाड आमच्यापासून फार लांब नाही. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती, घरात आणि शेडमध्येही. किती चांगलं झालं म्हणाले होते. आणि पुढच्या जानेवारीत तबक घेऊन शेडच्या दारात उभी होते, आल्या-गेल्या सवाष्णीला हळदकुंकू लावत.

दुसऱ्या दिवशी भाजणीपाशी गेले. "मावशी, हळदीकुंकवाच्या दिवशी तुम्ही येत नाही."

उलथनं थांबलं नाही. "आत्ता ध्यानात आलं व्हय?"

"मी तुम्हाला कधी येऊ नका म्हटलं नव्हतं."

"न्हाईच म्हटलं. रजा माजी मी घेतली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पैली दोन वर्सं वाटायचं, इचारतील. मग सवय झाली."

नऊ दिवसांची रोजी बुडाली होती त्यांची. मी ते पैसे देते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं बोललेच नाही. "पैसं नगंत. सरका, धनं करपत्यात."

यंदा पार्टीच्या दिवशीच हळदीकुंकू उरकायचं, असं माझं आधीचं गणित होतं. उखाण्यांची स्पर्धाही ठेवली होती! मी दोन्ही काढून टाकलं. तिळगूळ सगळ्यांना, वाण सगळ्यांना सारखं, दारात तबक नाही. आणि जुन्या-नव्यांचा हिशेबही सोडून दिला, सगळ्यांना एकाच मापाचा स्टीलचा डबा.

तुम्हाला वाटेल, सगळ्यांनी कौतुक केलं असेल. छे! पॅकिंगमध्ये नुकतीच लग्न होऊन आलेली एक पोर आहे, ती सरळ म्हणाली, "वहिनी, वर्सातनं एकदा नटून यायचा आमचा दिवस. त्यो बी काढून घेतला?" तिचं म्हणणं खोटं म्हणता येईना. तिला नवी साडी कुठे मिरवायला मिळते? मी म्हटलं, नटून ये, गजरा माझ्याकडून. त्यावर ती म्हणाली, "मग ज्यांना नगं असंल त्यांनी एक दिवस घरी बसावं की. इतकी वर्सं बसतच हुत्या." मावशी दहा हातांवर होत्या. ऐकलं असणार. सासूबाई तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. संक्रांतीत दारी आलेल्या सवाष्णींना कुंकू न लावता पाठवायचं म्हणजे काय? शेवटी रथसप्तमीला घरी हळदीकुंकू करू, असं म्हटल्यावर जरा निवळल्या. ते घरचं हळदीकुंकू मी केलंही. मी काही फार सुधारक बाई नाही.

आता शेडची तयारी. मसाल्याच्या शेडमध्ये पार्टी करणं हे दिवाणखान्यात पाट मांडण्याइतकं सोपं नसतं. एक तर खाण्याचे पदार्थ जिथे तयार होतात तिथे बसून जेवायला परवान्याच्या नियमांत मनाई आहे, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा जेवण अंगणात, मंडपात. अंगणात फरशीचे ब्लॉक बसवलेले, खांब पुरता येईनात. मंडपवाल्याने वाळू भरलेल्या पिंपांत खांब उभे केले. दोऱ्या मात्र त्याने आमच्या मोठ्या शटरच्या तोंडावरच आडव्या बांधल्या होत्या, त्या मी सोडायला लावल्या. उद्या पळायची वेळ आली तर माणसं अडकायला नकोत.

दुसरं म्हणजे मिरची. आम्हाला सवय असते, पाहुण्यांना नसते. बुधवारीच डंख बंद केले. गुरुवारी-शुक्रवारी भिंती, पत्रे, पंखे, सगळं ओल्या फडक्याने पुसून काढलं. झाडू मारायचा नाही, कारण झाडूने मिरचीची पूड उडते आणि दोन दिवस हवेत तरंगत राहते. एवढं करूनही माझी नणंद आत पाऊल टाकताच सलग सात वेळा शिंकली.

तिसरं, आग. मिरचीची, हळदीची बारीक भुकटी हवेत असली तर ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि बारदानाची पोती तर कधीही. म्हणून आचाऱ्याची शेगडी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याची दिशा बघून. गॅस 19 किलोचा, व्यवसायाचा. घरचा सिलिंडर आणू का म्हणून आचारी विचारत होता, त्याला नाही म्हटलं. आग विझवायचं लाल नळकांडं भिंतीवर होतंच, त्याची तारीख बघितली तर मुदत संपून पाच महिने झालेले! पाच महिने आम्ही रोज त्याच्या शेजारी भाजणी करत होतो. पार्टी नसती तर ते लक्षातही आलं नसतं. ते त्याच दिवशी भरून आणलं.

चौथं, मुलं. पोरांना यंत्र दिसलं की हात घालायचाच असतो. यंत्रांच्या थ्री-फेजचा मेन स्विच बंद करून पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. मंडपातल्या स्पीकरला आणि दिव्यांना वीज वेगळ्या जोडणीवरून घेतली, वायरी वरून नेल्या. जिथे हात धुवायचे तिथे जमिनीवर एकही वायर नको.

संडासाचा विचार बायकांशिवाय कुणी करत नाही. आमच्याकडे दोनच. पंच्याऐंशी माणसं. दोन्ही बायकांसाठी ठेवले आणि पुरुषांसाठी शेजारच्या यंत्रमागवाल्यांना विनंती केली. ते हो म्हणाले, वर गाड्या लावायला जागाही दिली. त्यांना जेवायला बोलावलं हे सांगायला नकोच.

जेवणात ड्रायव्हर आणि हमालांची तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची फर्माईश होती. पण शनिवार बऱ्याच जणी पाळतात, म्हणून मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, वांग्याची भाजी, कोशिंबीर, मठ्ठा, जिलेबी. पंच्याऐंशी माणसांना तांदूळ आठ किलो, पुरीची कणीक नऊ किलो, जिलेबी दहा किलो, मठ्ठा सोळा लिटर आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे पाच जार. भात थोडा उरला, जिलेबी उरली नाही. आणि बुफे ठेवला नाही. बुफेत आमच्या बायका दुसऱ्यांदा घ्यायला उठत नाहीत, कडेवर लेकरू असलं की ताटही धरता येत नाही. पंगतच बरी.

शनिवार उजाडला. एक नियम मी आधीच सांगून ठेवला होता, की आज कुणी काम करायचं नाही. पण अकराला आलेल्या बायकांपैकी चौघी सव्वाअकराला परातीपाशी बसून पुऱ्या लाटत होत्या, एकीने खराटा शोधला होता. उठवता उठवता दमले. वाढायला पुरुष. यजमान मठ्ठ्याची बादली घेऊन, मुलगा पुऱ्या घेऊन, हमाल भाताला. यजमानांनी पहिल्या दोन ओळींत मठ्ठा असा काही वाढला की तिसऱ्या ओळीला पाणी घालावं लागलं.

जेवणाआधी घरच्यांना शेड दाखवली. दहा-दहा जणांचा गट, चपला बाहेर, डोक्याला टोपी. ती प्लॅस्टिकची टोपी घालून उभे राहिलेले नवरे बघून बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. जिने मला फॅनखालची गोष्ट सांगितली होती, तिच्या सासूबाई आल्या होत्या. त्यांनी सुनेचं स्टूल बघितलं, त्यावर बसून बघितलं, कंबर धरली. "दिसभर हितंच?" म्हणाल्या. सून हो म्हणाली. सासूबाई पुढे काही बोलल्या नाहीत, पण पंगतीत नातवाला त्यांनीच मांडीवर घेतलं.

उखाण्यांच्या जागी डोळे बांधून वासावर मसाला ओळखायचा खेळ ठेवला होता. नागकेशर, दगडफूल, रामपत्री, जायपत्री. ड्रायव्हर पाच वर्षं आमचा माल वाहतोय, त्याने दगडफुलाला तंबाखू म्हटलं.

मावशी अकराला आल्या नाहीत, बारालाही नाहीत. माझं लक्ष सारखं फाटकाकडे. पहिली पंगत बसायच्या बेतात असताना आल्या. धुतलेलं लुगडं, हाताला नात. मी तिळगूळ दिला. त्यांनी तो नातीच्या हातावर ठेवला, मग माझ्याकडून दुसरा मागून घेतला. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, सरळ आचाऱ्याच्या पातेल्यापाशी गेल्या, झाकण काढून वास घेतला. आचाऱ्याने आमचा मसाला न वापरता स्वतःचा आणला होता, हे मला माहीतच नव्हतं.

"खोबरं कच्चं हाय ह्यात," मावशी म्हणाल्या. आचारी काहीतरी बोलायला गेला. "कच्चं हाय," पुन्हा म्हणाल्या आणि पंगतीत जाऊन बसल्या, त्या नव्या पोरीच्या शेजारी, कारण जागा तिथेच होती. त्या दोघी बोलल्या का, ते मी बघितलं नाही. मी भातामागे होते.

डबा घेताना त्यांनी झाकण लावून-काढून बघितलं, घट्ट बसतं का ते. पुढच्या खेपेला आचारी दुसरा बघा, एवढं जाताना सांगितलं.

दोघी आल्या नव्हत्या. एक गावाला गेली होती. दुसरीने स्पष्टच कळवलं होतं, हळदीकुंकू नाही तर मी नाही. सोमवारी मस्टर भरायला घेतलं, तेव्हा शनिवारच्या रकान्यात मी सगळ्यांचीच हजेरी लावली, त्या दोघींचीही. न येणाऱ्यांना पैसे का, म्हणून पॅकिंगमध्ये त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती.